अजून हुरड्यात आहे

थंडी पडली की आता जालना रस्त्याला पाट्या लागतात. ‘हुरडा पार्टी. लहान मुलांसाठी झोके.’ परवा भोकरदनहून येताना एसटीच्या खिडकीतून अशीच एक पाटी दिसली. शेतात तंबू ठोकला होता, गाणी लावली होती, अन् गवऱ्यांच्या धुराबरोबर भाजल्या कणसांचा वास रस्त्यावर येत होता. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, “काय वास येऊन राह्यला, नाना!” मी खिडकी ओढून लावून घेतली. ते माझ्याकडं बघत राहिले. बघू द्या. म्हाताऱ्या माणसाला खिडकी लावायचा हक्क असतो.

हुरड्याचं लोक फार गोड बोलतात. मला त्यात गोड काही दिसत नाही. ज्वारीचा दाणा दुधाचा असतो, मग चिकाचा होतो, अन् मग थोडेच दिवस असे येतात की तो मऊ असतो अन् भरलेलाही असतो. त्याच दिवसांत त्याचं कणीस खुडायचं, शेतातल्या खड्ड्यात आगटी पेटवायची, तिच्या निखाऱ्यात खुपसायचं, अन् कढत असतानाच तळहातावर चोळून खायचं. म्हणजे पेरणीला जाईल एवढं वय त्याला द्यायचंच नाही. लेकरू असताना भाजायचं अन् वर म्हणायचं, काय गोडी आहे! त्या दिवसांत सकाळी धुकं असतं, पायाला दव लागतं, कणसावर राघूंचे थवे पडतात अन् मी मचाणावर गोफण घेऊन बसायचो. माझा नेम चांगला होता. राघू खाली पडला की हिरव्या धाटात हिरवा राघू सापडायचा नाही, फक्त ओरडणं ऐकू यायचं. मी उतरून बघायला जायचो नाही.

त्याच मचाणावर बसून मी कादंबरी लिहिली.

मी चौथी शिकलेला माणूस. शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. गावातल्या वाचनालयात जेवढ्या कादंबऱ्या होत्या तेवढ्या वाचल्या अन् मग मला वाटलं, हे तर आपल्यालाही येतं. हसायचं कारण नाही. विहीर खणणारा दुसऱ्याची विहीर बघूनच शिकतो. माझ्याकडं गोष्टही होती, अन् ती गोष्ट घरातच भाकरी थापत होती. माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणायचो.

आक्काला नवऱ्यानं टाकली होती. मूल होईना म्हणून दुसरी केली अन् हिला काढून दिली. पण सासरच्यांनी उठवलं की ती पळून गेली. एकदा पळून गेली म्हणलं की मग का, कुणासंग, हे लोक आपापल्या मनानं भरतात. आमच्या गावानंही भरलं. पाणवठ्यावर बायका तिला बघून घागरी पुढं सरकवायच्या. आई-बाप लवकर गेले. आक्कानं नांगर धरला, मला वाढवलं, माझं लग्न लावलं. ज्या दिवशी मी म्हणलं, आक्का, मी तुझ्यावर पुस्तक लिहितो, त्या दिवशी तिनं पिठाचे हात तसेच ठेवून एकच विचारलं.

“छापून यील का?”

“यील की.”

“मंग सांगते. पण छापून आलं पायजे, पुठ्ठ्याचं. छापलेलं लोक खोटं म्हणत न्हाईत. सासरच्या गावात पुस्तकाची एक परत जाऊ दे, बास.”

एवढाच करार. पोथी जशी छापलेली म्हणून खरी, तसं तिचं होतं. मी तिला हसलो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

नव्वदीच्या आसपासचं ते साल. कादंबरी पुरी झाली होती. नावं मी सगळी बदलली होती, गावाचंही. कागद धोतराच्या फडक्यात बांधले होते. भोकरदनला एका मोठ्या लेखकाचं व्याख्यान होतं. नाव सांगत नाही, ते आता हयात नाहीत अन् असते तरी सांगितलं नसतं. सगळे त्यांना सर म्हणत होते. व्याख्यान झाल्यावर ते चहा घेत बसले अन् मी गठुडं थेट त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणलं, ही कादंबरी हाये का न्हाई, एवढंच सांगा. त्यांनी इकडची चार पानं उलटली, तिकडची चार उलटली. चहा संपला. गठुडं माझ्याकडं देत ते हसून म्हणाले,

“छान आहे. पण अजून हुरड्यात आहे हो.”

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. सायकल मारत मी घरी आलो, ते वाटेत भेटेल त्याला सांगत आलो. हुरड्यात आहे म्हणले! एवढा मोठा माणूस! कुणाला कळलं नाही तर थांबून समजावलं की बाबा, ऐन गोडीत आली, असं म्हणले. ‘पण’ अन् ‘अजून’ हे दोन शब्द मी वाटेतच कुठं तरी सांडून आलो होतो. आक्का अंगणात होती. तिला सांगितलं तर ती उठूनच उभी राहिली.

“हुरड्यात हाये म्हणले? मंग बसला काय? बोलाव त्यांला जल्दी! चार दिवस इकडंतिकडं झाले का दाना टणक व्हतो, मंग कोण खातंय?”

तिला वाटलं कादंबरीचंही तसंच असेल. मलाही तेच वाटलं. अन् शाळूची ज्वारीही शेतात त्याच वेळी हुरड्यात आली होती, त्यामुळं कुणाला काय म्हणावं हेच कळत नव्हतं. मी सरांना निरोप धाडला: तुम्ही म्हणालात ती आली, आता खायला या.

ते आले. औरंगाबादहून जीप करून आले. सोबत एक तरुण लेखक होते, काळ्या काड्यांचा चष्मा, गळ्यात मफलर. ते दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहायचे म्हणे. आक्कानं पहाटेपासून तयारी केली होती. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मडक्यातलं दही, गूळ, हिरव्या हरभऱ्याचा टहाळ, बोरं. आगटीपाशी घोंगडी अंथरली. ती स्वतः आगटीच्या कडेला बसली, पदर खोचून, निखाऱ्यातून कणीस ओढायचं अन् उघड्या तळहातावर चोळायचं. तिचे हात असे की कढत कणीस तिला कढत लागायचं नाही. दाणे हिरवे, ओले, वाफाळलेले, फुंकर मारली की फोल उडून जायचं अन् पानावर ढीग पडायचा.

“वा! हात काय चालतो हो तुमच्या बहिणीचा!” सर म्हणाले. “नाना, भाग्यवान आहात.”

खूप खाल्लं त्यांनी. मी राग म्हणून सांगत नाही, हुरडा खायलाच बोलावलं होतं. पण पहिला ढीग संपला, दुसरा संपला, गठुडं माझ्या मांडीवरच होतं अन् त्याकडं कुणी बघत नव्हतं. शेवटी मीच म्हणलं,

“सर, मंग आता छापायचं कसं? हुरड्यात हाये म्हणलात तुम्ही.”

“हो, म्हटलं ना.”

“मंग उशीर काहून करायचा? गोडी हाये तोवर लोकांच्या तोंडी लागली पायजे.”

सर माझ्याकडं बघायला लागले. मग चष्मेवाल्याकडं बघितलं. अन् मग दोघं असे हसले की चष्मेवाल्याला जवसाची चटणी नाकात गेली. आक्कानं त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं अन् तो पाठीवर थापा मारून घेत म्हणत होता, “सर, हे फारच... सर, हे लिहिलं पाहिजे...”

“अहो नाना,” सर म्हणाले, “हुरड्यात म्हणजे कच्ची! दाणा भरला नाही अजून, असं म्हणत होतो मी.”

“कच्च्याला आमच्यात चिकात म्हणतेत,” मी म्हणलं. “तुम्ही चिकात म्हणायला पायजे व्हतं.”

ते आणखी हसले. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगतो. मला वाटेत भेटलेल्या सगळ्या माणसांचा राग आला, कारण आता त्यांच्या दारावरून मला जायचं होतं.

मग सरांनी हात पुसले अन् आता कामाचं बोलू, असं तोंड केलं. मोठी माणसं पोट भरल्यावर दयाळू होतात.

“शेवट वाचला मी तुमचा त्या दिवशी. ही बाई शेवटी करते काय? शेती करते, भावाचं लग्न लावते, म्हातारी होते. ही काय कादंबरी झाली? नवऱ्यानं टाकलेली बाई इतकी ठणठणीत राहते का? पटत नाही, नाना. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. तिला मारा.”

“मारू?”

“मारा. मी तर म्हणतो ती मधेच गेली पाहिजे.”

चष्मेवाला म्हणाला, “आणि विहीर आहेच की तुमच्याकडे. सर सांगत होते, सुरुवातीलाच केवढं वर्णन केलंय विहिरीचं. विहीर आहे तर वापरा.”

कणीस चोळत असलेले आक्काचे हात थांबले नाहीत. तिनं फुंकर मारली, फोल उडवलं, अन् खाली बघतच बोलली.

“माझी सासूबी हेच म्हणायची, साहेब. विहीर हाये तर वापर.”

आगटीतली ढासळलेली गवरी तिनं सारखी केली. मी म्हणलं, “सर, हीच ती. माझ्या कादंबरीतली.”

मला वाटलं होतं आता त्यांच्या घशात दाणा अडकेल. अजून मी तेवढा भोळा होतो. सरांनी आक्काकडं बघितलं, बाजारात बैलाकडं बघतात तसं, वयाचा अंदाज घेत. मग चष्मेवाल्याकडं वळून म्हणाले, “काय वाक्य आहे! टिपून ठेव रे.” अन् मला म्हणाले, “हे वाक्य घ्या, नाना. सासूच्याच तोंडी घाला. आणि त्यापाठोपाठ विहीर. बघा, आपोआप शेवट झाला की नाही?”

“पण ती मेली न्हाई, सर.”

“तीच तर तुमची अडचण आहे. फार जवळ आहात तुम्ही. माणूस समोर चालतं-बोलतं असलं की कादंबरी होत नसते. एवढं करा, बाई मारा, मी स्वतः प्रकाशकाला शब्द टाकतो. वर्षाच्या आत छापून येईल.” मग पान पुढं केलं. “जरा अजून चोळता का, बाई? आमच्या घरी पण न्यायचाय.”

आक्कानं चोळला. पिशवी भरून दिली, टहाळाची जुडी दिली, बोरं दिली. जीप गेली, धूळ कणसांवर बसली अन् राघू परत उतरले. मी गोफण उचलली नाही.

संध्याकाळी तिनंच विषय काढला. मला वाटलं रडेल, तर ती विळीवर भोपळा चिरत होती, खटाखट.

“किती पानं लिव्हावं लागंल मला माराया?”

“मी न्हाई लिव्हणार.”

“काहून? त्यो छापून देतो म्हणला ना?”

“तू जित्ती हायेस, आक्का.”

“मला म्हाईत न्हाई व्हय? पर पुस्तकातल्या बाईचं नाव येगळं हाये, तूच म्हणलास. तिला मार. खरं काय ते आधीच्या पानांत यीलच की.”

“ज्या विहिरीत तू सासूच्या म्हणण्यानं गेली न्हाईस, तिच्यात मी ढकलू?”

तिनं विळी आडवी केली. “तुला माझं वाईट वाटून राह्यलंय का तुझ्या अक्षराचं? त्यो मोठा माणूस तुला हसला, म्हणून तू आडून बसला. तुझ्या अकडीपायी माझं पुस्तक गेलं बघ.”

मी लिहिलं नाही. आजही लिहिणार नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मी शेतकरी माणूस. जे पीक उभं आहे ते उभं आहे असंच सांगणार. सरकारी माणसानं आणेवारी लावताना, म्हणजे पीक किती आलं ते ठरवताना, उभ्या पिकाला जळालं म्हणून लिहिलं तर गावाचा फायदा होतो, तेही मी बघितलंय, तरी मी सही केली नव्हती. मी असाच आहे. त्या हंगामात आक्कानं मला एकही कणीस चोळून दिलं नाही. शाळू कडक होऊ दिला. खळ्यावर दाणे वाजायला लागले, पांढरे, टणक, मोत्यासारखे म्हणतात तसले, अन् ती मला ऐकू येईल असं म्हणायची, “गेली गोडी. आता बाजारात न्या अन् मापानं इका.”

त्यानंतर मी गठुडं घेऊन आणखी काही लेखकांकडं गेलो. जालन्यातल्या एकानं पहिल्या पानावरच्या ऱ्हस्व-दीर्घाला गोल करून दिले अन् दुसरं पान उघडलंच नाही. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, तुमची भाषा आमच्या वाचकाला समजायची नाही, शुद्ध करून आणा. दुसरे एक गृहस्थ त्याच पानांवर बोट ठेवून म्हणाले, भाषा फार शुद्ध झालीय, जरा बिघडवा. एकानं सांगितलं दुःख कमी पडतं. एकानं सांगितलं दुःख फार झालं, थोडा विनोद घाला. सगळ्यांनी चहा दिला, हे मान्य केलं पाहिजे. मी प्रत्येकाला मान हलवली, गठुडं बांधलं अन् एक अक्षरही बदललं नाही. थंडी यायची, शाळू निसवून कणसं बाहेर पडायची, आगटीचा धूर कुणाच्या तरी शेतातून यायचा अन् आक्का भाकरी वाढताना विचारायची, “आलं का?” काय आलं का, ते ती सांगायची नाही अन् मी विचारायचो नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत आक्का गेली. तापाचं निमित्त झालं. नवरा जिवंत म्हणून ती सवाष्ण गेली. ज्या माणसानं काढून दिली त्याच्या नावाचं कुंकू लावून गेली. जाणत्या लोकांनी तिच्या सासरी निरोप धाडला, अन् तेरवीला दाजी आले. म्हातारे झाले होते, काठी टेकत होते. सोबत त्यांच्या दुसरीचा मुलगा, इस्त्रीच्या कपड्यातला.

मांडवात माणसं बसली होती. बुंदी, पोळी, वरण तयार होतं, वाढपी कंबर बांधून उभे होते, कीर्तनाला महाराज आले होते. तो मुलगा चार माणसांत मोठ्यानं बोलला, भल्या मनानं बोलतो तसं. “आमच्या थोरल्या आई घरातून निघून आल्त्या, आता लोक पळून गेल्या म्हणतेत, पर आमी मनात काही ठेवलं न्हाई. शेवटाला आलोच ना.” लोक माना हलवायला लागले. काय मोठं मन!

मी घरात गेलो अन् गठुडं घेऊन आलो. म्हणलं, “महाराज, आज तुम्ही टेका. आज मी वाचतो.” अन् वाढप्यांना सांगितलं, मी म्हणल्याबिगर एक पोळी हलवायची नाही.

तेरवीचं जेवल्याशिवाय उठून गेलं तर मेलेल्या माणसाला लागतं अशी आमच्याकडं रीत आहे. सोयरा तर उठूच शकत नाही. मला ते बराबर माहीत होतं. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. ऊन मांडवातून सरकत गेलं. महाराजांनी जांभई दिली. बायकांनी लेकरांना गप्प केलं. कुणी म्हणलं, नाना, पुरे आता, वरण गार होऊन राह्यलं. मी पान उलटलं. दाजींचा मुलगा दोनदा उठला अन् दोनदा बसला. मी त्यांना सगळं ऐकवलं. सासूचं बोलणं, उपाशी ठेवणं, दुसरीची हळद हिच्याच हातानं वाटून घेतली ते. नावं दुसरी होती. गाव दुसरं होतं. कुणाला काही म्हणायची सोय नव्हती. दाजी काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते, डोळे मिटून.

मग ते पान आलं. आक्कानं सांगितलं तसंच मी लिहिलं होतं. नवरा तिला गाडीतून आमच्या वेशीपर्यंत आणतो, बैलांच्या गळ्यात घुंगरं असतात, तो तिचं बोचकं खाली ठेवतो अन् गाडी वळवतो.

“हे चुकलं,” दाजी म्हणाले.

मी थांबलो.

“गाडी कुठली?” त्यांनी डोळे उघडले. “गाडी नव्हतीच तव्हा. बैल इकले व्हते. पायीच हाकलली म्या तिला. मी आलोबी न्हाई संग, नदीच्या अलीकडूनच माघारी फिरलो. लिव्हायचं तर बराबर लिव्हावं माणसानं.”

मुलानं त्यांचा दंड धरला. “बाबा, गप बसा. ते पुस्तक हाये.” पण सगळ्या मांडवानं ऐकलं होतं. पाणवठ्यावर घागरी सरकवणाऱ्यांतल्या ज्या दोन-चार म्हाताऱ्या उरल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. दाजींना मात्र आपण काय बोललो ते कळलंच नाही. ते गाडीपाशीच अडून बसले होते. पुन्हा म्हणाले, “गाडी नव्हती.”

म्हणजे गाडी आक्कानं आपल्या पदरची घातली होती. घुंगरंही. एवढ्या लांबून, डोक्यावर बोचकं घेऊन, एकटी चालत आली, हे तिला माझ्यापाशीही सांगवलं नव्हतं. ती असती तर तिनं मला ती ओळ खोडू दिली नसती.

आजवर एवढ्या शिकलेल्या माणसांनी दुरुस्त्या सांगितल्या, एक केली नाही. खिशातलं पेन काढलं, सगळ्यांच्या समोर गाडी खोडली, बैल खोडले, घुंगरं खोडली अन् वर लिहिलं, पायी.

मग वाढप्यांना म्हणलं, “वाढा. दाजींना आधी वाढा.”